कमरेला खेळ हवा

श्रावणातल्या मंगळवारी डोंबिवलीतल्या एखाद्या हॉलमध्ये मंगळागौर जागवली जाते, तेव्हा वर्षभर न दिसणारं एक दृश्य पाहायला मिळतं. चाळिशी-पन्नाशीच्या, कधी साठी ओलांडलेल्या बायका मनसोक्त खेळत असतात. पदर खोचून फुगडी घालतात, पिंग्यात कमरेपासून मानेपर्यंत अंग घुमवतात, उकिडवं बसून कोंबडा घालतात, अंगाचं गाठोडं करून सतरंजीवर लोळतात. फुगडीचेच किती प्रकार : बसफुगडी, दंडफुगडी, एका हाताची, चौघींची. गुडघे कुरकुरतात, दम लागतो, तरी कुणी मधूनच उठून जात नाही. कंबर, मांड्या, पाठ, पोटऱ्या यांना त्या एका रात्रीत भरपूर व्यायाम घडतो आणि आपण व्यायाम करतो आहोत हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

मग श्रावण संपतो. गौरी येतात, आगरी-कोळी घरांत गौरीपुढे नाच होतो, नवरात्रात गरबा होतो. दिवाळी आटोपली की प्रौढ बाईच्या खेळण्याला निमित्त उरत नाही. पुढचे आठ-नऊ महिने तिचं शरीर कामाला असतं, खेळाला नसतं.

पुढील पानांत ज्या व्यायामाची ओळख करून दिली आहे तो या आठ-नऊ महिन्यांसाठी आहे. प्लास्टिकचं एक मोठं कडं, ज्याला जगभर हुला हूप म्हणतात आणि आपल्याकडची मुलं नुसतं ‘रिंग’ म्हणतात, ते कमरेभोवती फिरवत ठेवायचं. एवढीच कृती. पण या कृतीत शरीराचं किती काय गुंतलेलं असतं, शास्त्रज्ञांनी त्यावर काय काय तपासलं आहे, आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांना ती का मानवेल, हे आधी समजून घ्यायला हवं.

या तीन शहरांचं अंग रेल्वेनं घडवलं आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्याला आली. आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणं सुमारे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. हे अंतर रोज जाऊन-येऊन कापणारी बाई सकाळी तास-सव्वा तास दाटीत उभी असते. एक हात वरच्या कडीला, दुसरा पर्सवर, आणि पाय हलवायला जागा नाही. मग आठ-नऊ तास खुर्ची. संध्याकाळी पुन्हा तीच दाटी, घरी आल्यावर ओटा. ती दमते, यात शंका नाही. पण दमणं आणि हालचाल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उभं राहून पाय भरून येतात, पाठ आखडते, आणि कंबर मात्र दिवसभरात एकदाही नीट वळलेली नसते. ‘दिवसभर धावपळच तर चालू असते, वेगळा व्यायाम कशाला’ हे वाक्य या भागात घरोघरी ऐकू येतं. ते बोलणाऱ्या बाईचा थकवा खरा आहे. तिचा निष्कर्ष तेवढा बरोबर नाही.

आकडे तिच्या बाजूचे नाहीत. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. पुरेशी म्हणजे किती, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची किंवा ७५ मिनिटं जोरकस हालचाल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, स्त्री-पुरुषांच्या कमरेचा घेर पहिल्यांदा मोजला गेला. पोटाभोवतीची चरबी ४० टक्के स्त्रियांमध्ये प्रमाणाबाहेर निघाली, पुरुषांमध्ये १२ टक्के. दक्षिण आशियाई शरीरासाठी कमरेच्या घेराची मर्यादा साधारणपणे स्त्रियांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर धरतात. पोटाच्या आत साठणारी चरबी मधुमेह आणि हृदयविकाराला जवळ आणते, म्हणून वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेपही महत्त्वाची.

आता हूपकडे वळू. कडं फिरवून खेळणं फार जुनं आहे. वेली, वेत, लाकूड, लोखंड, जे हाताशी असेल त्याची कडी अनेक देशांतल्या मुलांनी फिरवली. आजच्या हूपचा जन्म मात्र १९५७-५८ चा. जोन अँडरसन नावाची ऑस्ट्रेलियन बाई अमेरिकेत राहत होती. माहेरी सिडनीला गेली असताना तिनं लोकांना बांबूची कडी कमरेभोवती फिरवताना पाहिलं. लॉस एंजेलिसला परतल्यावर तिनं असं एक कडं मागवून घेतलं, फिरवून दाखवलं, आणि हवाईतल्या नाचावरून त्याला ‘हुला’ हे नाव पडलं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं ते व्हॅम-ओ या खेळणी कंपनीच्या आर्थर मेलिन यांना दाखवलं. लेखी करार झाला नाही. १९५८ मध्ये मेलिन आणि त्यांचे भागीदार रिचर्ड नेर यांनी नव्यानंच मिळू लागलेल्या एका प्रकारच्या पॉलिएथिलिनचे हूप बाजारात आणले आणि चार महिन्यांत सुमारे अडीच कोटी खपले. अँडरसन बाईंच्या वाट्याला कोर्टकचेरी आणि किरकोळ तडजोड आली. त्यांची कहाणी २०१८ मधल्या ‘हुला गर्ल’ या लघुपटामुळे साठ वर्षांनी जगापुढे आली. हूपची ती पहिली लाट वर्षभरातच ओसरली होती, तरी हूप शाळांच्या मैदानांत आणि सर्कशीत टिकून राहिला.

सर्कस म्हटलं की मराठी माणसाला सांगली जिल्हा आठवायला हवा. तिथल्याच विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, तिथून भारतीय सर्कशीचा इतिहास सुरू होतो. तंबूत चकाकत्या पोशाखातली मुलगी मान, कोपर, कंबर, गुडघे अशा सगळ्या ठिकाणी एकाच वेळी रिंगा फिरवते, तो खेळ पाहिलेले लोक ठाण्या-कल्याणातही पुष्कळ सापडतील. त्याहून जवळून पाहिलेलं कडं मात्र डोंबाऱ्याच्या पोरीच्या हातचं. रस्त्याच्या कडेला, कधी लोकलच्या डब्यात, सात-आठ वर्षांची मुलगी लहानशा लोखंडी कड्यातून डोकं, खांदे, मग सगळं अंग काढते आणि हात पुढे करते. अंगाची एवढी लवचीकता असलेलं ते मूल शाळेत आणि मैदानावर असायला हवं, डब्याच्या दारात नाही. कड्याच्या कोणत्याही इतिहासात तिचं नाव आधी घ्यायला हवं, म्हणून इथे घेतलं.

आणि तिसरं कडं थेट ठाण्याचं आहे. लयबद्ध जिम्नॅस्टिक्स हा खेळ १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्यातल्या साधनांपैकी एक हूप. तो आतून ८० ते ९० सेंटिमीटर व्यासाचा आणि किमान ३०० ग्रॅम वजनाचा असावा लागतो. तेरा मीटर लांब-रुंद चौकोनात, सव्वा ते दीड मिनिटात, खेळाडूनं तो फिरवायचा, उंच उडवायचा, लोळवायचा, अंगावरून घरंगळत न्यायचा आणि एकदाही निसटू द्यायचा नाही. महाराष्ट्रात या खेळाचं ठाणं हे मोठं केंद्र आहे. राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्या पूजा सुर्वे ठाण्याच्याच, आणि त्यांनी पुढे इथल्याच मुलींना घडवायला घेतलं. ठाण्याच्या संयुक्ता काळे हिनं जून २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत लयबद्ध जिम्नॅस्टिक्सची पाचही सुवर्णपदकं जिंकली. एकूण गुणांचं एक, आणि साधनांचं प्रत्येकी एक. त्यात हूपचंही आलं. ज्या शहरात हूपवर एवढं प्रभुत्व असलेल्या मुली सराव करतात, त्याच शहरात त्यांच्या आया आणि मावश्यांच्या हाती हूप जाऊ नये, याला काही कारण नाही.

पदकांच्या हूपला वर्षानुवर्षांची तालीम लागते. व्यायामाच्या हूपला लागते ती समजूत, आणि पहिला गैरसमज इथेच दूर करायला हवा. नवखी व्यक्ती हूप कमरेला लावते आणि कंबर गोल गोल घुमवू लागते. दोन फेऱ्यांत हूप पायाशी. मग ती आणखी जोरात घुमवते, हूप आणखी लवकर पडतो. खरं म्हणजे कमरेनं वर्तुळ काढायचंच नसतं. एक पाऊल किंचित पुढे ठेवायचं, गुडघे सैल सोडायचे, हूप पाठीला टेकवून आडवा, जमिनीला समांतर धरायचा आणि एका बाजूला जोरात ढकलायचा. त्यानंतर अंगाचा भार फक्त पुढच्या पायावरून मागच्यावर, मागच्यावरून पुढच्यावर न्यायचा. हूप पोटाला शिवतो त्या क्षणी पोटानं त्याला हलकाच धक्का द्यायचा. वर्तुळ हूप काढतो. शरीरानं वेळ साधायची. हे एकदा अंगात उतरलं की बहुतेकींच्या चेहऱ्यावर एकदम हसू येतं, आणि ते हसू पाहण्यासारखं असतं.

कनेक्टिकट विद्यापीठातले मायकेल टर्वी आणि त्यांचे सहकारी रमेश बालसुब्रमणियम यांनी २००४ मध्ये हूप फिरवणाऱ्यांच्या सांध्यांची हालचाल बारकाईनं मोजली. त्यांना त्यात दोन कामं दिसली. घोटे आणि खुब्याचे सांधे मिळून हूपला आडवी गती देतात, आणि गुडघे त्याला वर पेलून धरतात. म्हणजे कमरेचा म्हणून ओळखला जाणारा हा व्यायाम मुळात पायांपासून सुरू होतो. लोकलमध्ये तासभर खिळून राहिलेले घोटे आणि गुडघे इथे सतत, पण हलके हलके कामाला लागतात. पोटाचे आणि पाठीचे स्नायू मधला खांब सरळ ठेवतात.

हूप खाली का घसरत नाही, हा प्रश्न तर अगदी अलीकडे, जानेवारी २०२५ मध्ये, नीट सुटला. न्यू यॉर्क विद्यापीठातले गणितज्ञ लीफ रिस्ट्रॉफ आणि त्यांच्या चमूनं वेगवेगळ्या आकारांची छोटी यांत्रिक ‘शरीरं’ तयार केली आणि त्यांच्यावर हूप फिरवून पाहिले. सरळ नळकांड्यावरून हूप घसरतो. शंकूसारख्या उतारावर तो एका उंचीवर ठरत नाही, वर किंवा खाली सरकत राहतो. मध्ये बारीक आणि खाली रुंद, डमरूसारख्या आकारावर मात्र तो एका जागी टिकतो. खुब्यांचा उतार त्याला वर ढकलतो आणि कमरेचा बाक त्याला जागेवर ठेवतो. ज्यांच्या अंगाला असा बाक कमी, त्यांना हालचाल थोडी जास्त करून ती कसर भरून काढावी लागते. तेव्हा शेजारणीला पहिल्या दिवशी जमलं आणि आपल्याला आठवडा लागला, तर त्यात आळसाचा किंवा वयाचा दोष मानू नये. मोठा हूप घेतला की अडचण निम्मी होते, कारण मोठं वर्तुळ सावकाश फिरतं आणि शरीराला धक्का द्यायला उसंत मिळते. लहान मुलांची हलकी रिंग भराभर फिरते आणि भराभर पडते. पुष्कळ बायका तीच रिंग हातात घेऊन ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून कायमच्या थांबतात.

उपयोग किती होतो? अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइझसाठी विस्कॉन्सिन-ला क्रॉस विद्यापीठात १६ ते ५९ वयाच्या १६ स्त्रियांची तपासणी झाली. त्या सगळ्या हूपमध्ये सरावलेल्या होत्या. अर्ध्या तासात त्यांच्या हृदयाचे ठोके सरासरी मिनिटाला १५१ वर गेले आणि सुमारे २१० कॅलरी खर्च झाल्या. झपाट्यानं चालण्याच्या किंवा एरोबिक्सच्या तोडीचा हा श्रम. अधिक महत्त्वाचा अभ्यास फिनलंडचा, २०१९ चा. हेलसिंकीतल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या ५३ जणांना सहा आठवडे दीड किलोचा हूप रोज सरासरी तेरा मिनिटं फिरवायला लावला आणि सहा आठवडे रोज जवळपास दहा हजार पावलं चालायला लावलं. हूपच्या काळात कमरेचा घेर सरासरी ३.१ सेंटिमीटरनं उतरला, चालण्याच्या काळात ०.७ नं. अपायकारक एलडीएल कोलेस्टेरॉल हूपमुळे कमी झालं. पण रक्तदाब उतरला तो चालण्यानं, आणि हितकारक एचडीएल वाढलं तेही चालण्यानं. वजनात दोन्हीकडे फारसा फरक पडला नाही.

यातून निघणारा अर्थ सरळ आहे. हूप चालण्याची जागा घेणार नाही. तो चालण्याच्या जोडीला हवा. आठ दिवसांत पोट सपाट करून देण्याच्या जाहिराती खोट्या आहेत. आणि हे अभ्यास लहान आहेत, त्यांतली माणसं आपल्यासारखी वरण-भात खाणारी नव्हती, हेही ध्यानात ठेवावं. तरीसुद्धा रोजच्या दहा-पंधरा मिनिटांत एवढं हाती लागत असेल, तर ते थोडं नाही.

हेलसिंकीच्या आकड्यांत न मावणारी एक गोष्ट आहे, आणि या विषयाचं मर्म तिच्यातच आहे. माणसं व्यायाम सुरू करतात आणि सोडतात. जिमची वर्षाची फी भरून दोन महिन्यांत जाणं बंद होतं. मंगळागौर मात्र कुणी अर्धी टाकून जात नाही, कारण तिथे मजा असते, मैत्रिणी असतात, आणि पुढचा प्रकार जमतोय का ही चुरस असते. हूपमध्ये हे तिन्ही आहे. कमरेवर जमला की चालताना फिरवून पाहावा, मग उलट दिशेनं, मग हातावर, मग दोघींनी एकमेकींकडे द्यायचा. सप्टेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या एष्णा कुट्टी या तरुणीनं साडी आणि बूट घालून ‘गेंदा फूल’ गाण्यावर हूप फिरवतानाचा व्हिडिओ टाकला आणि तो देशभर पाहिला गेला. टाळेबंदीनं घरात कोंडलेल्या असंख्य बायकांना त्यातून एक गोष्ट दिसली : यासाठी वेगळे कपडे, वेगळं वय, वेगळी अंगकाठी लागत नाही. सुती कपड्यावर हूप चांगला धरून राहतो, रेशमी किंवा सिंथेटिक कापडावरून घसरतो, एवढंच लक्षात ठेवायचं. ओढणी असेल तर कमरेला घट्ट बांधावी.

काळजी कुणी घ्यावी हेही स्पष्ट सांगायला हवं. गरोदर स्त्रियांनी, सिझेरियन किंवा पोटाची दुसरी शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, हर्निया, मणक्यातली चकती सरकणं किंवा हाडं ठिसूळ होण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हूप हाती घेऊ नये. सुरुवातीला कमरेवर थोडे वळ उठतात, ते काही दिवसांत जातात. पण दुखणं वाढलं तर थांबावं. आतून गोळे असलेले जड हूप नवख्यांसाठी नाहीत. पट्ट्याला वजन लटकवून फिरवायचे जे ‘न पडणारे’ प्रकार हल्ली मिळतात, त्यात श्रम होतात, पण हूपची खरी गोडी त्याच्या पडण्यात आणि पुन्हा उचलण्यात आहे. खाली वाकून हूप उचलणं हाही व्यायामच. एकाच दिशेनं फिरवण्याची सवय लागली की अंगाची एकच बाजू जास्त काम करते. म्हणून दिशा बदलत राहावी.

राहता राहिला जागेचा प्रश्न, आणि तो या शहरांत सगळ्यात अवघड आहे. हूपला माणसाभोवती दोन-अडीच मीटर मोकळी जागा लागते. वन-रूम-किचनमध्ये पलंग आणि कपाट यांच्यामध्ये ती मिळत नाही. ठाण्यात कचराळी तलावाभोवती, कल्याणात काळ्या तलावावर, डोंबिवलीत सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुलात माणसं चालतात, धावतात. तिथे बायकांनी चालावं हे आता रुळलं आहे, त्यांनी खेळावं हे अजून रुळलेलं नाही. मैदानावर पोरांचं क्रिकेट असतं, बागेत लहान मुलांची घसरगुंडी आणि आजोबांचा कट्टा असतो. पन्नाशीच्या बाईनं खेळायची जागा आराखड्यात कुठेच नसते. आणि सोसायटीची गच्ची, जी या कामाला सगळ्यात योग्य, ती बहुतेक ठिकाणी कुलपात असते. पाण्याची टाकी, डिश अँटेना, भांडणं, अशी कुलपाची कारणं ठरलेली आहेत.

म्हणून या प्रस्तावनेची पहिली विनंती सोसायट्यांच्या कार्यकारिणीला आहे. संध्याकाळी साडेसात ते साडेआठ, आठवड्यातून तीन दिवस गच्ची किंवा हॉल बायकांसाठी उघडा ठेवा. खर्च काही नाही. मंगळागौरीच्या ग्रुपनं पुढाकार घेतला तर माणसं जमवण्याचाही प्रश्न राहत नाही. त्या ग्रुपमधल्या बायकांची लय आधीच पक्की असते, हूप त्यांना लवकर जमेल.

दुसरी विनंती वाचणाऱ्यांना. पुढली पानं वाचण्याआधी हूप आणा. दुकानातला मनासारखा नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून काळा प्लास्टिकचा, पाऊण इंची, दहा फूट पाइप आणि एक जोडणी घ्या; टोकं गरम पाण्यात नरम करून जोडली की ९७ सेंटिमीटर व्यासाचा हूप तयार होतो. त्यावर कापडी टेप गुंडाळली की तो कपड्यावरून घसरत नाही. जमिनीवर उभा धरल्यावर हूप बेंबी आणि छाती यांच्या मध्ये यायला हवा. त्याहून लहान घेऊ नका.